पाटाच्या वर, पाटाच्या खाली

बारामती तालुक्याच्या नकाशावर नीरा डावा कालवा निळ्या पेन्सिलीने ओढला, की इथल्या शेतीधोरणाचा अर्धा पेपर सुटतो. कालव्याच्या खाली, नीरा नदीच्या अंगाला, सांगवी, माळेगाव, पणदरे, कोऱ्हाळे ही उसात बुडालेली गावं. वर, कऱ्हेच्या आजूबाजूला आणि उत्तरेला, मोरगाव, लोणी भापकर, सुपे, शिर्सुफळ. पाऊस दोन्हींकडे जवळपास सारखाच. सह्याद्रीने आपला वाटा काढून घेतल्यावर जे उरतं ते, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे. तरी एकीकडे पाण्याने जमीन चिबडली आहे, आणि दुसरीकडे उन्हाळा तापला की टँकरची यादी निघते. पूर्वेला इंदापूर. नीरा डाव्याची शेपटी इथे, खडकवासल्याहून निघालेल्या दोनशे किलोमीटरच्या कालव्याची शेपटीही इथेच, आणि उत्तर-पूर्वेला उजनीचा फुगवटा. नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते आणि तालुका संपतो. दोन नद्या, दोन कालवे, एक अजस्र धरण. एवढं असूनही इंदापुरात निवडणूक कुठलीही असो, भाषण पाण्यापासूनच सुरू होतं.

या दोन तालुक्यांसाठी शाश्वत शेतीचं धोरण आखायचं म्हणजे काय, हा पुढच्या पानांचा विषय आहे. त्याकडे वळण्याआधी एक गैरसमज दूर केलेला बरा. आजवर इथे धोरण नव्हतं आणि आता ते आणायचं आहे, अशा सुरात बरीच चर्चा चालते. वस्तुस्थिती उलट आहे. महाराष्ट्रात धोरणांचे इतके प्रयोग पचवलेला दुसरा शेतपट्टा सापडणं अवघड. ऐकणाऱ्या कानांचीही इथे कधी वाण नव्हती: बारामतीचे शरद पवार २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री होते, आणि इंदापूरनेही राज्याला सहकारमंत्री दिले, कृषिमंत्री दिले. सत्तेच्या इतक्या जवळ राहूनही जमीन खारावत असेल, तर दोष दुर्लक्षात नसून धोरणाच्या घडणीतच कुठेतरी असला पाहिजे. तो कुठे आहे, याचा माग कालव्याच्या जन्मापासून काढावा लागतो.

कालवा काढला तो दुष्काळासाठी. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात पाणी न्यायचं सरकारने मनावर घेतलं आणि १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला. त्याला पाणी पुरवायला भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण झालं. पुढे १९२८ च्या सुमारास त्याच्याच खाली आजचं मोठं धरण उभं राहिलं. हेतू असा, की पावसाने दगा दिला तर बाजरी-ज्वारी वाचावी. पण बाजरीवाल्याचा हिशेब वेगळा होता. पाऊस झाला तर त्याला पाटाचं पाणी नको, आणि पाऊस नाही झाला तर सगळ्यांना एकाच आठवड्यात हवं. पाणीपट्टी देऊन बाजरी परवडतही नव्हती. कालवा तोट्यात चालला. मग सासवडकडचे माळी खाली आले, त्यांनी पाटाखालच्या जमिनी खंडाने घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळं घातली. ऊस बारा महिने पाणी मागतो आणि त्याचे पैसेही देतो. दुष्काळासाठी काढलेला कालवा उसावर जगू लागला आणि सरकारलाही त्यात वावगं वाटलं नाही, कारण आता वसुली होत होती. इथल्या शेतीधोरणाची पहिली गाठ इथेच बसली: कागदावर उद्देश संरक्षणाचा, तिजोरीचा ओढा उसाकडे.

याचे परिणाम दिसायला पंचवीस वर्षंही लागली नाहीत. खोल काळी जमीन, वरून भरमसाठ पाणी, आणि ते निघून जायला वाट नाही. भूजलाची पातळी वर आली, तिच्याबरोबर क्षार वर आले आणि उन्हाने पाणी उडालं तरी क्षार तिथेच राहिले. १९१० मध्ये पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली. आज शेतकरी ज्याला चोपण किंवा चिबड म्हणतो त्याच दुखण्याचं ते निदान आहे. रोग कालव्याचा आहे आणि उपाय निचऱ्याचा, हे तेव्हापासून माहीत आहे. पुढे १९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला. त्याच विभागाची पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था झाली. तिथले क्लॉड इंग्लिस आणि गोखले यांनी १९२० च्या दशकात दख्खनच्या कालव्यांखालच्या निचऱ्यावर बारकाईने काम केलं. म्हणजे ज्ञानाच्या बाजूने पाहिलं तर हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच बराचसा सुटला होता.

त्याहून बोधप्रद आहे तो विश्वेश्वरय्यांचा प्रयोग. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्यात अभियंता होते. खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांसाठी त्यांचं नाव पुण्यात घेतलं जातं, पण माझ्या मते त्यांचं खरं धाडस नीरा कालव्यावरच्या ब्लॉक पद्धतीत होतं. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या गावांनी सगळं पाणी उसात जिरवायचं आणि शेपटाकडच्यांनी आभाळाकडे पाहायचं, ही रीत त्यांना मोडायची होती. म्हणून पाणी कालव्याच्या लांबीवर ठरावीक तुकड्यांत वाटायचं. तुकड्यातल्या एकाच हिश्श्यात ऊस, बाकीच्यांत कमी पाण्याची पिकं, आणि वर्षागणिक फेरपालट. एका दगडात तीन पक्षी: वाटपात न्याय, जमिनीला विसावा, भूजलाला लगाम. आज ‘शाश्वत’ या विशेषणाखाली जे काही सांगितलं जातं, त्यातलं बहुतेक या एका योजनेत होतं. ब्लॉक टिकले, मंजुरीचे कागद टिकले, पाणीपट्टीच्या वह्यांत तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालला. फेरपालट मात्र गळाली. ज्याच्याकडे उसाचा ब्लॉक होता, त्याच्याकडे तो कायमचा हक्क झाला.

नंतरची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर वालचंदनगर वसवलं. नदीपलीकडे पाडेगावला १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र सुरू झालं. पन्नाशीच्या मध्यावर माळेगाव आणि भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी कारखाने उभे राहिले, मागून सोमेश्वर आला, आणि इंदापुरात पुढे कर्मयोगी व नीरा-भीमा. कारखाना आला म्हणजे रस्ता आला, बँक आली, शाळा-कॉलेज आलं, दवाखाना आला. या सहकाराला नावं ठेवणाऱ्यांनी तो नसता तर या माळावर काय असतं, याचाही विचार करावा. पण कारखान्याचं पोट ठरलेलं असतं. दिवसाला इतके हजार टन गाळायचेच, तर तेवढा ऊस उभा असलाच पाहिजे. एकदा गाळपक्षमता वाढवली, की ती भरण्यासाठी पाणी शोधणं ओघाने आलंच. पाणी पाहून कारखाने काढावेत असा नियम असता, तर आजचे वाद निम्म्याने कमी असते.

‘ऊस हे आळशाचं पीक’ असं शहरात सहज म्हटलं जातं. म्हणणाऱ्याने एकदा थंडीत रात्री दोनला लाइट आल्यावर आडसालीला दारं धरून पाहावीत. तरी या शेऱ्यामागे एक खरी गोष्ट आहे: उसाला जोखीम कमी. गारपिटीने द्राक्षाचा बाग एका दुपारी संपतो, ऊस वाकतो पण उभा राहतो. टोमॅटो कधी मार्केट यार्डात सोडून यावा लागतो, उसाला घरी येऊन तोडून नेणारा असतो. त्याचा भाव केंद्र सरकार हंगामाआधी जाहीर करतं, तोडीनंतर चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे, आणि उशीर झाला तरी ते बुडत नाहीत असा अनुभव आहे. सोसायटीचं पीककर्ज सर्वांत सुलभ उसालाच. बाजरीलाही हमीभाव आहे. तो घेऊन प्रत्यक्ष खरेदी करणारा किती वेळा दारात येतो, हे बाजरीवाल्याला विचारा. त्यामुळे ‘ऊस सोडा’ हा उपदेश ऐकताना शेतकरी मनात एकच प्रश्न विचारतो: घेणार कोण? याचं उत्तर ज्या धोरणाकडे नाही, ते धोरण इथे चालणार नाही.

दुसऱ्या बाजूचे आकडेही दडवण्यात अर्थ नाही. राज्याच्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार-पाच टक्क्यांचा, आणि सिंचनाच्या पाण्यातला वाटा साठ टक्क्यांच्याही वर सांगितला जातो. पाटाने मोकळं पाणी दिलं तर हेक्टरी पंचवीस हजार घनमीटर आणि त्याहूनही जास्त पाणी ऊस घेतो. खरी गरज त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. मग शेतकरी इतकं पाणी का देतो? अडाणीपणाने, असं उत्तर पूर्वी दिलं जाई. खरं कारण आवर्तनात आहे. पाण्याची पाळी किती दिवसांनी येईल याचा भरवसा नाही, आलीच तर किती दिवस टिकेल माहीत नाही, वरच्यांनी चारी फोडली तर शेपटाला ती येईलच असंही नाही. अशा वेळी हाती लागलेलं पाणी माणूस बांधापर्यंत तुंबवूनच घेतो. जिथे पाळीची खात्री नसते तिथे काटकसर हा मूर्खपणा ठरतो.

इथेच आजच्या तंत्रज्ञानाच्या उत्साहाला थोडा लगाम घालावासा वाटतो. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने २०२४ पासून उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग मांडला आहे. त्यात मायक्रोसॉफ्ट आहे, ऑक्सफर्ड विद्यापीठ आहे, उपग्रह आहे, मातीतले सेन्सर आहेत. २०२५ मध्ये राज्य सरकारनेही शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी पाचशे कोटींचं धोरण मंजूर केलं. प्रयोग चांगला आहे आणि त्याची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. पण सेन्सर सांगतो, मंगळवारी पाणी द्या. पाटकरी सांगतो, पाळी अजून तीन आठवड्यांनी. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला सेन्सर उपयोगी, बाकीच्यांना तो फक्त आपला ऊस किती तहानलेला आहे हे अचूकपणे कळवणार. आधी कालवा वेळापत्रकावर यायला हवा, मग मोबाइलवर संदेश.

ठिबकचंही तसंच. ठिबकने पाणी वाचतं, उत्पन्नही वाढतं, याबद्दल वाद नाही. २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला, कमी व्याजाच्या कर्जाची सोयही सांगितली. सक्ती प्रत्यक्षात उतरली नाही ही एक गोष्ट. ज्यांनी स्वखुशीने ठिबक केलं त्यांच्याकडे वाचलेलं पाणी कुठे गेलं, ही दुसरी आणि जास्त महत्त्वाची. ते पुढच्या एकरात गेलं. दोन एकर ऊस भिजवणारी विहीर आता तीन एकर भिजवते. शेतकऱ्याचा फायदा झाला, भूजलाचा झाला नाही. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यांनीही कित्येक ठिकाणी हेच केलं. पावसाचं पाणी साठवण्यासाठी अनुदान, आणि प्रत्यक्षात विहीर-बोअर उपसून तळं भरायचं, म्हणजे सगळ्यांच्या खालचं पाणी एकाच्या वर आणून उन्हाला दाखवायचं. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत झाली आहे. वीज फुकट, युरियाची गोणी ठरलेल्या स्वस्त दरात, आणि दुसऱ्या हाताने पाणी व खत वाचवण्यासाठी अनुदान: एकाच सरकारचे हे दोन हात एकमेकांना ओळखत नाहीत.

हे सगळं सांगण्यामागे एकच मुद्दा आहे. इथली धोरणं सातबाऱ्यावर लिहिली जातात. अनुदान गट नंबरला मिळतं, कर्ज गट नंबरला, माती परीक्षणाची पत्रिका गट नंबरची. पण जमीन खारावते ती ओढ्याच्या पाणलोटाने, पाणी खाली जातं ते गावाचं, आणि पाळी चुकते ती चारीची. दुखणं सामाईक असताना औषध माणशी वाटलं जातं. विश्वेश्वरय्यांना हे उमगलं होतं; त्यांनी शेतकऱ्याला उपदेश करण्याऐवजी तुकडा हे माप धरलं होतं.

सामाईक मापाने काम होतं याचे दाखले मराठी मुलखातच आहेत. बारामतीला लागून असलेल्या पुरंदरात, नायगावला, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. पाणी माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. इतका रोखठोक नियम महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी कागदात आजवर उतरलेला नाही. तो माळावर चालला, कारण तिथे पाणी नव्याने येत होतं आणि वाटणी कोऱ्या पाटीवर मांडता येत होती. पाटाखाली ज्यांच्याकडे चार पिढ्यांचं पाणी आहे, त्यांना ते माणशी मोजायला सांगणं ही वेगळ्या धाडसाची गोष्ट आहे. नाशिककडे वाघाड प्रकल्पावर पाणी वापर संस्थांनी घनमापनाने पाणी घेतलं, पाणीपट्टी स्वतः गोळा केली, शेपटाला आधी पाणी पोचवलं. आणि पाळीची खात्री झाल्यावर शेतकरी आपणहून द्राक्ष-भाजीपाल्याकडे वळले. पीक बदलण्यासाठी कुणी सक्ती केली नव्हती. २००५ च्या कायद्याने अशा संस्थांना राज्यभर अधिकार दिले. त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणही आलं. कायदा चांगला, पण अर्धवट मनाने राबवलेला. कित्येक संस्था नोंदणीच्या फलकापुरत्या उरल्या.

पाटाच्या वरच्या गावांची कहाणी निराळी आहे आणि ती सांगताना उगाच करुण सूर लावू नये. साठीच्या अखेरीस आणि सत्तरीच्या आरंभी, ‘कासा’ या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या मदतीने, कामाच्या बदल्यात धान्य देऊन या भागात पाझर तलाव खोदले गेले. त्यातूनच १९७१ मध्ये अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. अप्पासाहेब पवारांनी तो वाढवला. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. माझ्या दृष्टीने गेल्या पन्नास वर्षांत या भागासाठी सर्वांत नेमकी बसलेली योजना हीच. हलक्या मुरमाड जमिनीवर डाळिंब, सीताफळ, बोर उभं राहिलं, आणि इंदापूरचं डाळिंब बाजारात नावारूपाला आलं. कमी पाण्यात पैसा मिळतो हे शेतकऱ्याने स्वतः पाहिलं. मग तेल्या आला, मर आली. एकाच फळाच्या सलग बागा, एकच वाण, एकाच वेळी धरलेले बहार. रोगाला याहून सोयीचं काय हवं? बागा काढल्या गेल्या. आणि जिथे जिथे पाण्याची सोय झाली, तिथे डाळिंबाच्या जागी पुन्हा ऊस उभा राहिला. ज्याचं पहिलं धाडस बुडालं त्याला दुसरं धाडस करायला लावणारं विम्याचं, संशोधनाचं, खरेदीचं पाठबळ त्या योजनेत नव्हतं. लावायला पैसे दिले, टिकवायला दिले नाहीत.

जनाई-शिरसाईसारख्या उपसा योजनांनी वरच्या गावांना पाणी दाखवलं हे खरं. पण उपशाचं पाणी वीजबिलावर चालतं आणि आवर्तन कधी सुटेल हे पुष्कळदा जलशास्त्रापेक्षा मतदारसंघ ठरवतो. या पट्ट्याने आपला खरा आधार दुभत्या जनावरांत शोधला. दुधाचे पैसे दहा दिवसांनी हातात येतात. उसाखालोखाल खात्रीचं उत्पन्न तेच. त्यासाठी लागणारा हिरवा चारा आणि मुरघासाचा मका कुणाच्या पाण्यावर येतो, हा हिशेब कुठल्याच आराखड्यात सापडत नाही.

एक योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. २००९ मध्ये केंद्र सरकारने अजैविक ताणांवर, म्हणजे दुष्काळ, क्षार, उष्णता यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था काढली ती माळेगावात. जागा मिळाली निव्वळ खडकाळ, मुरमाची. शास्त्रज्ञांनी तो खडक फोडून त्यात झाडं वाढवली. बागायतीचा बालेकिल्ला आणि ताणाची प्रयोगशाळा एकाच गावच्या शिवारात, ही निवड कुणी जाणूनबुजून केली असेल तर त्याला दाद द्यायला हवी.

इंदापूरचा प्रश्न आणखी वेगळा, कारण तिथे पाण्याबरोबर पुणंही येतं. उजनीचा यशवंतसागर १९८० मध्ये पूर्ण झाला. एकूण साठा ११७ टीएमसी. पळसदेवसारखी गावं पाण्याखाली गेली. धरण आटलं की तिथलं जुनं देऊळ वर येतं आणि लोक पाहायला जातात. फुगवट्याच्या काठाने मोटारी बसल्या, कित्येक किलोमीटरच्या पाइपलाइनी निघाल्या, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी उरलेल्या जमिनीत ऊस उभा केला. भिगवणला रोहित पक्षी येतात, मासळीचा मोठा बाजार भरतो. पण या जलाशयात मुळा-मुठेतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी येऊन मिळतं आणि उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग धरतो. खडकवासल्याच्या कालव्याचंही असंच: चार धरणांतलं पाणी शहर पिऊन घेतं आणि बदल्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं सांडपाणी शेतीला परत देण्याचा करार आहे. दौंड-इंदापूरचा शेतकरी ते वापरतो. त्या पाण्यात नत्र आहे, स्फुरद आहे, आणि जे नसावं तेही आहे. तरी त्याच शेताला वरून युरियाचा डोस तोच, कारण पाण्यातून किती खत आलं हे त्याला कुणी मोजून सांगत नाही. ज्या धोरणात शहराच्या गटाराचा उल्लेख नाही, ते इंदापूरच्या शेतीचं धोरण म्हणता येणार नाही.

पाणी सामाईक असलं की भांडणही सामाईक होतं. २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरला सांडपाण्यापोटी पाच टीएमसी देण्याचा निर्णय झाला. सोलापूर जिल्हा पेटून उठला आणि तो मागे घ्यावा लागला. नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांच्या वाट्यावरून बारामती आणि माळशिरस-फलटण यांच्यात सरकार बदलेल तसे आदेश बदलले. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला, तेव्हा काठावरच्या मोटारी पाण्याच्या मागे-मागे धावत होत्या. अशा वर्षी पिकांचं नियोजन कुणी केलं होतं, असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. ऑस्ट्रेलियाने मरे-डार्लिंग खोऱ्यात १९९५ मध्ये नदीतून काढायच्या पाण्यावर सरळ मर्यादा घातली. त्यांच्याकडेही क्षार, कापूस आणि वरचे-खालचे असेच वाद होते, आणि ते अजून मिटलेले नाहीत. पण वाद घालायला निदान एक ठरलेला आकडा आहे.

एका गटाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दर दिवाळीनंतर बीड-आष्टी-पाटोद्याकडून येणारी कोयती. शाश्वत ऊसशेतीच्या आराखड्यांत पाचट न जाळण्याचा आग्रह असतो आणि तो योग्यच आहे. पाचट कुजवलं तर जमिनीचा सेंद्रिय कर्ब सावरतो. पण पेटवलेला ऊस तोडायला सोपा जातो आणि टनावर मजुरी घेणाऱ्याला दिवसाकाठी जास्त तोड मिळते. मजुरीचा दर न बदलता पाचट वाचवायला सांगणं म्हणजे जमिनीच्या आरोग्याचा खर्च सगळ्यांत गरीब माणसाच्या माथी मारणं आहे.

आता निचऱ्याकडे परत येतो, कारण सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत टाळलेलं काम तेच आहे. चोपण जमिनीवर शोधलेला सोपा उपाय म्हणजे क्षार सोसणारं वाण लावणं. पाडेगावचं फुले २६५ अशा जमिनीतही तग धरतं म्हणून लोकप्रिय झालं. पाडेगावनेच प्रसारित केलेल्या को ८६०३२ या वाणाला ‘नीरा’ हे नाव आहे. वाण सोशिक झालं की जमीन आजारी असल्याची तक्रार ऐकू येत नाही, एवढंच. कालव्याला अस्तर लावलं तर पाझर थांबेल, हा दुसरा उपाय. त्याला शेतकऱ्यांचा विरोध झाला, आणि विरोध बिनबुडाचा नव्हता. ज्या पाझराने खालच्याची जमीन चिबडते, त्याच पाझराने मधल्याची विहीर भरते. अस्तर लावणाऱ्या खात्याने विहिरीवाल्याला दुसरं काय द्यायचं याचा विचार केलेला नसतो.

शिरोळला श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटलांच्या पुढाकाराने वेगळी वाट काढली. एकट्या शेतकऱ्याला जमिनीखालची निचरा यंत्रणा परवडत नाही आणि परवडली तरी पाणी सोडायचं कुठे? म्हणून गावाचा गट केला, जमिनीखाली छिद्रांच्या पाइपांचं जाळं आणि त्याला जोडणारी सामाईक मुख्य नळी टाकली, कारखान्याने कर्जाला आणि नियोजनाला आधार दिला. वर्षानुवर्षं मिठाने पांढरी पडलेली रानं पुन्हा पिकाखाली आली. तिथे कारखान्याने आपला ऊस वाचवण्यासाठीच हे केलं असेल, असू दे. स्वार्थ आणि जमिनीचं हित एका रेषेत आणणं, याखेरीज धोरणाने दुसरं करायचं काय असतं?

बारामती-इंदापुरात हे करायचं तर साधनं सगळी हाताशी आहेत. १९१० पासूनचं निदान आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे, माळेगावची राष्ट्रीय संस्था आहे, कारखाने आहेत, आणि टनामागे कपात करण्याची जुनी सवयही आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात टनाला दहा रुपये कापले तर वर्षाला एक कोटी जमतात. वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाच्या दरावर तास-तास खडाजंगी होते; त्याच सभेत निचरा निधीचा ठराव मांडता येईल, आणि गाव, ओढा, चारी यांचा क्रम लावता येईल. अडचण पैशापेक्षा एका बांधावर येते. खालच्या दहा जणांची मुख्य नळी ओढ्यापर्यंत न्यायची तर ती वाटेत एकाच्या रानातून जाणार, आणि त्याची जमीन अजून चांगली आहे. त्याने का संमती द्यावी, नुकसानभरपाई किती घ्यावी, पुढे नळी तुंबली तर ती कुणी उकरायची, तहसीलदाराने यात कितपत पडावं: धोरणाचा मसुदा करायला बसताना पहिलं कलम याचं लिहावं लागेल.